आधी दाम की आधी माल?

प्राचीन ऊर नगराच्या अवशेषांत, म्हणजे आजच्या इराकच्या दक्षिण भागात, मातीची एक लहानशी पाटी सापडली. ती आता लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. तिची उंची जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर. परंतु तिच्या दोन्ही अंगांवर कीलाकृती लिपीत एका गिऱ्हाइकाचा संताप काठोकाठ भरलेला आहे. इ. स. पूर्व १७५० च्या सुमारास नान्नी नावाच्या गृहस्थाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्यास अक्कादी भाषेत हे पत्र लिहिले. उत्तम प्रतीच्या लगडी देण्याचे वचन देऊन एआ-नासिरने नान्नीच्या माणसापुढे हलक्या लगडी टाकल्या, आणि घ्यावयाच्या असतील तर घ्या, नसतील तर चालते व्हा, अशा अर्थाचे उत्तर दिले. आपली रक्कम परत आणण्यासाठी नान्नीने शत्रूच्या मुलुखातून पुनःपुन्हा माणसे धाडली. ती रिकाम्या हातांनी परत आली. पत्राच्या अखेरीस नान्नी बजावतो की, यापुढे हलके तांबे स्वीकारणार नाही आणि प्रत्येक लगड आपल्याच अंगणात पारखून निवडून घेईन.

या पत्राला आता सुमारे पावणेचार हजार वर्षे झाली. तांब्याच्या जागी कॅमेरा, मोटारसायकल किंवा भ्रमणध्वनी घातला, आणि शत्रूच्या मुलुखातून जाणाऱ्या निरोप्याच्या जागी न उचललेला टेलिफोन घातला, तर हे पत्र कालच लिहिलेले वाटावे. याचे कारण मनुष्यस्वभाव बदलत नाही एवढेच नव्हे. दुरून खरेदी करण्यात एक मूळचीच अडचण आहे. समोरासमोरच्या बाजारात एका हाताने दाम द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने माल घ्यावयाचा. दोन्ही क्रिया एकाच क्षणी घडतात. मध्ये अंतर पडले की तो क्षण दुभंगतो. दाम आधी दिला तर गिऱ्हाईक विक्रेत्याच्या मुठीत जाते. माल आधी धाडला तर विक्रेता गिऱ्हाइकाच्या मुठीत जातो. दूरच्या व्यापाराचा इतिहास म्हणजे हा दुभंगलेला क्षण पुन्हा सांधण्याच्या युक्त्यांचा इतिहास होय. आणि ठकबाजीचा इतिहास म्हणजे त्या सांध्यातील फट शोधण्याचा.

यांतील सर्वांत जुनी आणि कदाचित सर्वांत सुंदर युक्ती हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इ. स. पूर्व पाचव्या शतकात नोंदवून ठेवली आहे. कार्थेजचे व्यापारी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जात, तेव्हा त्यांना तेथील लोकांची भाषा येत नसे आणि त्या लोकांना यांची येत नसे. व्यापारी आपला माल वाळूवर मांडून ठेवीत, गलबतावर परत जात आणि धूर करीत. धूर पाहून तेथील लोक येत, मालाशेजारी सोने ठेवीत आणि दूर जाऊन उभे राहत. मग व्यापारी उतरून सोने पाहत. ते पुरेसे वाटले तर सोने उचलून निघून जात. अपुरे वाटले तर तसेच गलबतावर परतत, आणि समोरचे लोक सोन्यात भर घालीत. सोने मालाच्या किमतीइतके झाल्याखेरीज व्यापारी सोन्यास हात लावीत नसत, आणि व्यापाऱ्यांनी सोने उचलल्याखेरीज ते लोक मालास शिवत नसत. येथे मध्यस्थ कोण? ती मोकळी वाळू. माल आणि दाम दोन्ही काही काळ कोणाच्याच हातात नसत. ते दोघांच्या डोळ्यांसमोर उघड्यावर पडून राहत. पुढील काळातील साऱ्या युक्त्या या वाळवंटाची जागा भरून काढण्यासाठीच निघाल्या, असे म्हटले तरी चालेल.

व्यापारी आणि गिऱ्हाईक जेव्हा शेकडो कोसांनी दुरावले, तेव्हा वाळूची जागा पत्रांनी घेतली. कैरोनजीकच्या फुस्तात येथील एका सिनेगॉगमध्ये मध्ययुगातील ज्यू व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांचा प्रचंड साठा सुरक्षित राहिला. त्यात बाराव्या शतकातील अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार आहे. हा मूळचा ट्युनिसियाकडचा. पण त्याने कित्येक वर्षे मंगळूरास राहून व्यापार केला. त्या किनाऱ्यावरील एका कारदारास वेलदोड्यांसाठी आगाऊ रक्कम देण्यात आली होती, आणि वेलदोडे काही पोहोचले नाहीत. एडनच्या मित्राने बेन यिजूला सल्ला दिला तो मोठा बोलका आहे: दिलेला शब्द न पाळणाऱ्यांची आम्ही एडनमध्ये निंदा करतो, तेव्हा तुझ्या नावाचेही निंदापत्र काढू, असा त्या कारदारास धाक घालावा. फौज नाही, कोर्ट नाही, समुद्रापार जाणारा शिपाई नाही. हाती शस्त्र एकच, ते म्हणजे पत. जो मनुष्य उद्याही त्याच बंदरात, त्याच लोकांशी व्यवहार करणार आहे, त्याला हे शस्त्र लागते. ज्याला उद्या तेथे यावयाचेच नाही, किंवा जो दररोज नवे नाव धारण करू शकतो, त्याला ते लागत नाही. ही मर्यादा ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पतीचे हे शस्त्र आपल्याकडील सावकारांनी हुंडीच्या रूपाने फार धारदार केले. पेशवाईत उत्तरेकडील वसूल पुण्यास येई तो पुष्कळ अंशी हुंडीनेच. यात्रेस निघालेला गृहस्थही रोकड कमरेस बांधून पेंढाऱ्यांच्या वाटेने जाण्याऐवजी पेढीवर रुपये भरून परगावची हुंडी घेई आणि त्याबद्दल हुंडणावळ देई. कागद एवढासा, पण त्याची बांधणी पाहण्यासारखी असे. रकमेचा आकडा लिहून तेवढ्यावर भागत नसे. रुपये हजार, त्यांचे निमे पाचशे, त्यांची दुप्पट पुरे हजार, अशा रीतीने तीच रक्कम फिरवून फिरवून लिहीत. म्हणजे एखादे शून्य वाढविणाऱ्यास सारेच वाक्य मोडावे लागे. हुंडी वाटेत हरवली तर तिची पैठ निघे, पैठ हरवली तर परपैठ निघे. आणि एकीचे पैसे चुकते झाले की बाकीच्या रद्द ठरत. दर्शनी हुंडीचे पैसे दाखविताच मिळत, मुदतीचे ठरलेल्या दिवशी मिळत.

परंतु ठकबाजीच्या दृष्टीने यांतील खरी विचारपूर्वक योजना दोन. पहिली शाहजोग हुंडी. हिचे पैसे आणणाऱ्या वाटेल त्या मनुष्याच्या हाती पडत नसत. ते त्या पेठेतील एखाद्या शाहाच्या, म्हणजे नामांकित आणि पतदार व्यापाऱ्याच्या, हातीच दिले जात. पुढे हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली तर तो शाह रक्कम परत करण्यास बांधलेला असे. म्हणजे चोराला हुंडी चोरून भागत नसे. त्याला एक अब्रूदार मनुष्यही फसवावा लागे, आणि तो मनुष्य पैसे देणाऱ्याच्या ओळखीचा असे. दुसरी जोखमी हुंडी. तिचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच द्यावयाचे. गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. दाम आणि माल यांची गाठ एवढी पक्की बांधणारा कागद जगाच्या व्यापारात फार थोडा आढळेल. या रूढींचा दबदबा एवढा होता की, १८८१ साली इंग्रज सरकारने चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतील हुंड्यांविषयीच्या स्थानिक रूढींना त्यात धक्का लावला नाही.

हुंडी ही पेढ्यांची सोय होती. मध्यमवर्गीय कुटुंबापर्यंत दूरची खरेदी पोहोचविली ती टपालाने. प्रारंभी लोक नोटा पाकिटात घालून धाडीत, आणि चोरी टाळण्यासाठी नोट मधोमध कापून अर्धी आज व अर्धी पहिलीची पोच आल्यावर पाठवीत. अर्ध्या नोटेचा चोराला उपयोग नसे. १८८० साली मनीऑर्डरचे काम टपालखात्याकडे आले आणि कात्रीची गरज सरली. मात्र मनीऑर्डरने पैसा सुरक्षित पोहोचे एवढेच. पोहोचल्यावर माल येईल की नाही, याचा जिम्मा टपालखात्याकडे नसे. या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच, १८७७ साली, त्याच खात्याने काढले होते. ते म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट, अर्थात् आपली घरोघर परिचित झालेली व्ही. पी.

व्ही. पी.च्या पद्धतीत टपालखाते कार्थेजच्या वाळूची जागा घेते. विक्रेता पार्सल टपालात देतो आणि त्यावर रक्कम लिहितो. पोस्टमन दारात येतो, रक्कम घेतो, पार्सल देतो. आणि मग ती रक्कम विक्रेत्यास जाते. खेड्यातील शाळामास्तर पुण्यामुंबईचे पुस्तक मागवू लागला, ते या व्यवस्थेच्या बळावर. 'व्ही. पी. सोडविणे' हा शब्दप्रयोग मराठीत रुळला. या योजनेने गिऱ्हाइकाचे रक्षण झाले, तशी विक्रेत्याची परीक्षाही झाली. हौसेने मागणी करावयाची आणि पार्सल दारात येताच परत लावावयाचे, या खोडीमुळे टपालखर्चाचा भुर्दंड सोसणाऱ्या मासिकांनी आपल्या वर्गणीदारांस केलेल्या विनवण्या जुन्या अंकांतून वाचावयास मिळतात. फसवणूक नेहमी विक्रेताच करतो असे नाही, हे यावरून दिसून यावे.

तथापि व्ही. पी.लाही एक फट होती. पैसे आधी द्यावयाचे आणि पार्सल नंतर फोडावयाचे, असा नियम. आत पुस्तक आहे की रद्दी, हे दाम गेल्यावर कळे. काही भामट्यांना तर मागणीचीही गरज वाटेना. घरमालक बाहेर गेला असता त्याच्या नावे पार्सल यावे आणि घरच्यांनी, त्यांनीच मागविले असेल, असे समजून पैसे मोजावे, एवढ्यावर त्यांचा धंदा चाले. म्हणूनच १८९८ च्या टपाल कायद्यात, पार्सल खऱ्या मागणीवरून पाठविले आहे असे प्रतिज्ञापन विक्रेत्याकडून घेण्याची, आणि लबाडी आढळल्यास वसूल रक्कम रोखून गिऱ्हाइकास परत देण्याची तरतूद करावी लागली. दाम मध्यस्थाच्या हाती काही काळ थांबला तरच तो परत फिरविता येतो, हे तत्त्व त्या तरतुदीच्या मुळाशी आहे.

मोठ्या व्यापारात टपालाचे काम बँकेने केले. विक्रेता माल आगगाडीत किंवा जहाजात भरतो, त्याची पावती बँकेकडे देतो. गिऱ्हाईक बँकेत पैसे भरून बिल्टी सोडविते आणि ती दाखवून माल ताब्यात घेते. परदेशी व्यापारात याच रीतीने बँकेचे पतपत्र चालते. बँक पत राखते, परंतु ती पाहते कागद. पेट्या काही ती उघडून पाहत नाही. १९४१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे 'श्टेन विरुद्ध श्रोडर बँकिंग कॉर्पोरेशन' हा खटला आला, त्यात हाच प्रश्न होता. न्यूयॉर्कमधील गिऱ्हाइकाने लखनौच्या एका कंपनीकडून ब्रशासाठी लागणारे डुकराचे राठ केस मागविले होते. पन्नास पेट्या जहाजात चढल्या, कागदपत्रे बिनचूक तयार झाली. परंतु पेट्यांत गाईचे केस आणि केरकचरा भरला आहे, अशी गिऱ्हाइकाची तक्रार होती. पैसे अद्याप चुकते झाले नव्हते. तक्रारीतील हकीकत खरी धरून चालले तर, विक्रेत्याच्या उघड लबाडीची खबर वेळेवर मिळाली असता केवळ कागद बिनचूक आहेत म्हणून रक्कम देण्यास बँकेला भाग पाडता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. पतपत्रांच्या कायद्यात हा खटला आजही आधारभूत मानतात. त्यातील बोध साधा आहे: कागद हा माल नव्हे, आणि तक्रार दाम सुटण्यापूर्वी केली तरच तिला धार असते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापार संगणकाच्या तारांवर चढला, तेव्हा हीच साखळी पहिल्यापासून पुन्हा गुंफावी लागली. १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ईबे या लिलावाच्या पेठेने गिऱ्हाइकांचे अभिप्राय उघड छापण्यास आरंभ केला. ते एडनचे निंदापत्रच होते. चीनमध्ये अनोळखी विक्रेत्याकडे पैसे पाठविण्यास लोक कचरत, म्हणून २००४ साली अलीपे ही व्यवस्था निघाली. गिऱ्हाइकाने माल मिळाल्याचे कळवीपर्यंत रक्कम तिच्याकडे थांबून राही. अशा त्रयस्थ ठेवीला इंग्रजीत 'एस्क्रो' म्हणतात; तो शब्द गुंडाळीच्या कागदावरून, म्हणजे त्रयस्थाच्या हाती ठेवलेल्या दस्तावरून आला. भारतात २०१० साली फ्लिपकार्टने माल घरी आल्यावर रोख पैसे देण्याची सोय केली, आणि व्ही. पी.चा नातू जन्माला आला. आजोबांची फट त्याच्याही वाट्यास आली; पेटीत भ्रमणध्वनीऐवजी साबणाची वडी निघाल्याच्या हकीकती वर्तमानपत्रांतून येत राहिल्या. पेटी दारातच उघडून दाखविण्याची सोय पुढे निघाली, ती नान्नीच्या अंगणाचीच आठवण करून देते.

मग या साऱ्या युक्त्या उपलब्ध असता शहाणीसुरती माणसे फसतात कशी? याचे उत्तर असे की, आजचा ठक या यंत्रणा मोडीत नाही. तो गिऱ्हाइकाला त्यांच्याबाहेर बोलावून आणतो. त्याची पहिली पायरी म्हणजे मधला माणूस काढून टाकणे. पेठेचे शुल्क कशाला, सरळ माझ्या खात्यात भरा, स्वस्त पडेल, असे तो सुचवितो. किंवा रक्कम 'मित्राला दिली' या सदरात पाठवा म्हणतो. आणि त्या सदराला खरेदीचे संरक्षण नसते. दुसरी पायरी घाईची: दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, आत्ताच बयाणा द्या. तिसरी विश्वासाची. भारतात पुष्कळदा आढळलेली तऱ्हा अशी की, विक्रेता आपण सैन्यात असल्याचे सांगतो; बदली झाल्यामुळे गाडी कवडीमोलाने द्यावयाची आहे म्हणतो आणि ओळखपत्राचे छायाचित्र धाडतो. लोकांच्या मनातील आदराचेच तो भांडवल करतो. मग वाहतूक, कर, अनामत अशी एकेक रक्कम मागितली जाते, आणि आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून गिऱ्हाईक पुढचे भरत जाते. सर्वांत कडी म्हणजे काही ठक मध्यस्थही स्वतःच उभा करतात. रक्कम सुरक्षित ठेवणाऱ्या संस्थेचे नाव, चिन्ह, पत्ता, सारेच बनावट. शाहजोग हुंडीची योजना करणाऱ्या सावकारास ही लबाडी क्षणात कळली असती. कारण त्याचा शाह हुंडी आणणाऱ्याने नेमलेला नसे. तो पैसे देणाऱ्याच्या स्वतःच्या पेठेतला, स्वतःच्या ओळखीचा असे.

यात काळाचाही एक फेरफार झाला आहे. हुंडी पुण्याहून काशीस जाईपर्यंत कित्येक दिवस जात. संशय आल्यास मागाहून जासूद धाडून पैसे थांबविण्यास अवधी मिळे. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने तो अवधी काही क्षणांवर आणला. ही सोय अमोल आहे; परंतु जुन्या दिरंगाईत दडलेले संरक्षण तिच्यासवे गेले, आणि ते आता गिऱ्हाइकाने स्वतःच्या सावधपणाने भरून काढावयास हवे. या पद्धतीत गुप्त अंक टाकावे लागतात ते पैसे देण्यासाठी. घेण्यासाठी कधीच नाही. पैसे परत करतो, हे चौकोनी चिन्ह टिपा आणि आपले अंक टाका, असे जो सांगतो, तो पैसे देत नसून घेत असतो. एवढी एक गोष्ट घरातील प्रत्येकास ठाऊक असली तरी पुष्कळ संसार वाचतील.

तेव्हा पूर्वजांच्या अनुभवाचा सारांश आजच्या गिऱ्हाइकास असा मांडता येईल. वस्तू महागडी आणि विक्रेता अनोळखी असेल तर संपूर्ण दाम आगाऊ देऊ नये. तो अशा मध्यस्थाकडे द्यावा की जो गिऱ्हाइकाने स्वतः पारखलेला आहे आणि वाद उद्भवल्यास रक्कम अडवू शकतो. पेठेच्या बाहेर व्यवहार करण्याचे आमंत्रण हाच धोक्याचा धूर समजावा. क्रेडिट कार्डाने दाम दिला तर बँकेकडे वाद नोंदविण्याचा मार्ग उरतो. थेट खात्यात भरलेल्या रकमेस असा मार्ग फार अरुंद असतो. शक्य असेल तर वस्तू उजेडात, चारचौघांत पाहून, चालवून मगच पैसे द्यावेत. शक्य नसेल तर पेटी उघडतानाचे चलच्चित्र घ्यावे, म्हणजे तक्रारीस पुरावा राहतो. बाजारभावाहून फार स्वस्त मिळणारी वस्तू का स्वस्त आहे, याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत हात आखडता ठेवावा. आणि एवढे करूनही फसगत झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेस त्याच घटकेस कळवावे. रक्कम ठकाच्या हातून पुढे सरकण्यापूर्वी ती अडविता येण्याची आशा पहिल्या काही तासांतच असते.

'विश्वास पानिपतात गेला' असे मराठी माणूस अर्ध्या विनोदाने म्हणतो. पण विश्वास खरोखरच गेला तर सर्वांत मोठा तोटा कोणाचा? येवल्याचा विणकर महिनोन्महिने मागावर बसून विणलेली पैठणी आज कोणा आडत्याच्या दारी न जाता दूरच्या गिऱ्हाइकास दाखवू शकतो. एका ठकाने एक गिऱ्हाईक लुबाडले की, ते गिऱ्हाईक पुढे या विणकरालाही ठकच समजते. भामटा लुटतो एका घराला, पण त्याची किंमत असे सारे प्रामाणिक विक्रेते मोजतात. मधला माणूस, मधली पेढी, मधली वाळू यांचा आग्रह धरणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. ज्याचा माल चोख आहे त्याला तो उघड्यावर मांडून धूर करावयास भय वाटत नाही. आणि ज्याला ते भय वाटते, त्याच्यापाशी सोने न ठेवणे हेच उत्तम.